चौथा प्रश्न

कर्जत-मुरबाड रस्त्यावरच्या कळंब गावात एक शेतकरी कुटुंब राहत होतं. घरातला थोरला मुलगा शिकून इंजिनीअर झाला आणि खालापूर तालुक्यातल्या एका कारखान्यात लागला. रोज मोटरसायकलवरून कर्जत, पळसदरी करत खोपोलीच्या बाजूला जायचं आणि पाळी संपली की त्याच रस्त्याने परत यायचं. तेरा वर्षांत पाळीचा इंजिनीअर होता तो उत्पादन विभागाचा मॅनेजर झाला. दीडेकशे माणसं त्याच्या हाताखाली आली. गावात त्याला सगळे थोरला म्हणूनच ओळखत, म्हणून आपणही तेच म्हणू.

छत्तिसाव्या वर्षी थोरल्याच्या मनाने घेतलं की आता एमबीए करायचं. बायकोने विचारलं, "आता? मुलगी चौथीत गेली." पण तिचा विरोध नव्हता. तिला एवढंच हवं होतं की जे करायचं ते पूर्ण विचार करून करावं.

थोरल्याने चौकशी सुरू केली. अनुभवी माणसांसाठी वेगळे अभ्यासक्रम असतात, हे त्याला तेव्हा कळलं. अहमदाबादच्या आयआयएममध्ये 2006 पासून पीजीपीएक्स हा एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालतो. त्याला वय किमान 25 आणि पदवीनंतरचा अनुभव किमान 4 वर्षं लागतो. कोलकात्याच्या आयआयएमचा तसाच अभ्यासक्रम किमान 5 वर्षांचा अनुभव मागतो. चर्चगेटच्या जमनालाल बजाज संस्थेत नोकरदारांसाठी तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम आहेत. ही संस्था मुंबई विद्यापीठाने स्टॅनफर्डच्या सहकार्याने 1965 मध्ये उभी केली. याखेरीज शनिवार-रविवारी वर्ग भरवणाऱ्या संस्था वेगळ्याच.

बऱ्याच ठिकाणी जीमॅटचे गुण लागणार होते. सव्वादोन तासांची परीक्षा. गणित, भाषा आणि माहितीचं विश्लेषण असे तीन भाग, प्रत्येकाला 45 मिनिटं, आणि गुण 205 ते 805 यांच्या दरम्यान. थोरला रात्रपाळीहून येऊन दुपारी अभ्यासाला बसू लागला. गणिताने त्रास दिला नाही, इंग्रजी उताऱ्यांनी दिला. तरी त्याने चिकाटी सोडली नाही आणि चांगले गुण मिळवले.

आता उरले ते अर्जातले निबंध. तुम्ही आजवर काय केलंत? तुम्हाला हे शिक्षण आताच का हवं? पुढे काय करणार? प्रश्न दिसायला सोपे होते. थोरल्याने दुसऱ्यांचे पुष्कळ नमुने वाचले आणि त्याच साच्यात आपला निबंध बसवला. आपण दूरदृष्टीचे नेते आहोत, तेरा वर्षांचा समृद्ध अनुभव गाठीशी आहे, बदल घडवणं हीच आपली ओळख आहे आणि पुढे जागतिक पातळीवर नेतृत्व करायचं आहे, असं त्याने उत्तम इंग्रजीत लिहिलं. शिफारसपत्रासाठी त्याने मुंबईच्या मुख्य कचेरीतल्या संचालकांना गाठलं. ते त्याला दोनदा भेटले होते. त्यांच्याकडून निरोप आला, "मजकूर तुम्हीच लिहून पाठवा, साहेब सही करतील." थोरल्याला वाटलं, काम झालं.

थोरल्याची आत्या गावातच दिलेली होती. सातवी शिकलेली. नवरा गेल्यावर तिने दोन मुलं वाढवली आणि बायकांचा बचत गट उभा केला. गट सरकारच्या उमेद अभियानात होता. तिथे पंचसूत्री पाळावी लागते: नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित लेखे. आत्याच्या वहीत एक रुपया इकडचा तिकडे नसे. गटाने पहिलं कर्ज काढून भात भरडायची गिरणी घेतली होती आणि ते फेडलंही होतं. आता दुसरं, मोठं कर्ज हवं होतं. बँकेचे साहेब दुसऱ्या दिवशी यायचे होते.

गणपती विसर्जन झालं होतं आणि शेतात भात पोटरीला आलं होतं. आत्या ओटीवर वह्या मांडून बसली होती. थोरला लॅपटॉप घेऊन आला.

"आत्या, एक वाचून दाखवू?"

"वाच की."

त्याने प्रत्येक परिच्छेदाचा अर्थ मराठीत सांगितला. आत्याने शेवटपर्यंत ऐकलं.

"चांगलं हाय. पण हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? माझं."

"तुझं असेल तर यात तुझा कारखाना कुठे हाय? माणसं कुठे हायत? हे कुणी पण कुणाबद्दल लिहिलं असतं."

थोरल्याला वाईट वाटलं. तो म्हणाला, "आत्या, असंच लिहायचं असतं."

आत्याने वही मिटली. "उद्या साहेब येणार. ते काय विचारणार ते मला पाठ हाय. मागच्या पैशाचं काय केलं? आता परत कशाला पाहिजे? आणि फेडणार कशातून? आमचा गट लय कष्टाळू, असं मी सांगत बसले तर साहेब मान हलवतील आणि कागद बाजूला ठेवतील. त्यांना गिरणी दाखवावी लागते, वही दाखवावी लागते. तुझ्या कॉलेजवाल्यांना पण तेच पाहिजे असणार. तेरा वर्षं तुला मिळाली बाबा. त्यांचं काय केलंस?"

थोरला विचारात पडला. मग हळूहळू सांगू लागला.

त्याच्या कारखान्यातले निम्मे कामगार कर्जत-खालापूरच्या गावांतले आणि वाड्यांवरचे. जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की गेटवरची हजेरी घसरायची. कंपनी पगार कापायची, नोटिसा द्यायची, तरी माणसं शेतावर जायचीच, कारण चिखलणी झालेलं शेत थांबत नाही. मग ठेकेदार बाहेरची नवी माणसं आणायचा. त्यांना यंत्रांची सवय नसायची. माल नापास व्हायचा, आणि एका वर्षी तर एका मुलाचा हात यंत्रात जाता जाता वाचला. यंत्रांच्या वार्षिक दुरुस्तीसाठी कारखाना दरवर्षी मे महिन्यात पंधरा दिवस बंद असे. थोरल्याने सुचवलं की दुरुस्ती आवणीच्या पंधरवड्यात घेऊ. मालविक्रीवाल्यांनी विरोध केला, जुलैच्या मागण्या कोण पुरवणार? थोरल्याने मे-जूनमध्ये जादा माल करून ठेवायचा हिशोब मांडला, गोदामाचं गळकं छप्पर आधी दुरुस्त करून घेतलं. प्लांटचे साहेब दोन वर्षं नाही म्हणाले. तिसऱ्या वर्षी त्यांनी एकदा करून बघायला परवानगी दिली. त्या पावसाळ्यात एकही नोटीस निघाली नाही, नापास माल घटला आणि गाड्या वेळेवर सुटल्या.

"मग हे का नाय लिहिलंस?" आत्याने विचारलं.

"यात काय विशेष? आवणी काय असते ते आपल्याकडे शेंबडं पोरगं पण सांगेल."

"त्या मुंबईच्या साहेबांना ठाऊक होतं?"

"नाही."

"मग?"

थोरल्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. आत्या मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आणखी एक विचारते. आवणीची सुट्टी दिलीस ती ज्याचं शेत हाय त्याला. ज्याला शेतच नाय, त्याचं काय झालं?"

थोरला गप्प झाला.

"गेल्या आवणीला वाडीतल्या दोन बाया गटाकडे उसने पैसे मागायला आल्या होत्या. का लागतात विचारलं, तर म्हणाल्या कंपनी बंद हाय. कंपनी कुणी बंद ठेवली ते मला आज कळलं."

"पण आवणीला मजुरी मिळते ना, आत्या?"

"मिळते की. पण पाऊस लागेल त्या दिवशी, आणि ज्याच्या घरात माणसं कमी त्याच्याच शेतावर. बाकीचे लोक एकमेकांच्या शेतावर जाऊन लावतात. तू विचारलंस का कुणाला?"

त्याने विचारलं नव्हतं. कारखाना बंद करताना त्याने मालाचा, गोदामाचा, गाड्यांचा हिशोब केला होता. कायम कामगारांचा पगार चालू राहणार, हेही पाहिलं होतं. ठेकेदाराकडच्या रोजंदारीवाल्यांचा मात्र त्या कागदावर रकानाच नव्हता.

पुढच्या रविवारी थोरला कातकरी आदिवासींच्या त्या वाडीवर गेला. रायगडच्या या पट्ट्यातले कातकरी बहुतेक भूमिहीन. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्यात परत येतात. त्यांतली वीस-बावीस माणसं त्याच्या कारखान्यात सफाईला आणि माल उचलायला येत होती. जिथे वर्षभरातली सगळ्यात कठीण चणचण जुलैत असते, तिथे त्याने नेमका जुलैतलाच पंधरा दिवसांचा रोज बंद केला होता. कुणी तक्रार केली नाही. एक म्हातारा एवढंच म्हणाला, "आम्हाला वाटलं, कंपनीचंच काही अडलं असेल."

अर्जाची मुदत जवळ आली होती. थोरल्याने त्या वर्षी अर्ज भरला नाही. जीमॅटचे गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे परीक्षेची मेहनत वाया जाणार नव्हती. त्याने दुरुस्तीच्या पंधरवड्याचा खर्च पुन्हा तपासला. त्या दिवसांत यंत्रं पुसणं, गंज खरवडणं, गटारं उपसणं, भंगार निवडणं या कामांसाठी ठेकेदार पनवेलकडून माणसं आणत होता. थोरल्याने ठरवलं की ही कामं वाडीच्या माणसांना द्यायची. ठेकेदार कुरकुरला. त्याच्यासोबत तीन बैठका झाल्या. अखेर पुढच्या जुलैत दुरुस्तीची मदतनिसाची कामं वाडीवाल्यांनी केली. कंपनीचा खर्च वाढला नाही, आणि त्या आवणीला कुणी गटाकडे उसने मागायला आलं नाही.

त्याच वर्षात थोरल्याने आत्याच्या दुसऱ्या प्रश्नाचंही उत्तर शोधलं. आता शिक्षण कशाला पाहिजे? कारखान्यात नवी यंत्रमाळ बसवायची चर्चा झाली होती. यंत्राबद्दल थोरल्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पण हिशोब विभागाने विचारलं, घातलेला पैसा किती वर्षांत वसूल होईल, व्याज धरून, मागणी घटली तर काय? तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं. निर्णय दुसऱ्यांनी घेतला आणि पुढे राबवायला मात्र त्याच्याकडे आला. त्याला नेमकं हेच शिकायचं होतं: पैशाचा, बाजाराचा आणि जोखमीचा हिशोब. आणि तिसरा प्रश्न, फेडणार कशातून? त्याला जागतिक नेता व्हायचं नव्हतं. त्याला पाच-सात वर्षांत एक पूर्ण कारखाना चालवायचा होता, याच खोपोली-खालापूरच्या पट्ट्यात, आणि तिथल्या माणसांना सोबत घेऊन.

हे स्पष्ट झाल्यावर अभ्यासक्रम निवडणंही सोपं झालं. एक वर्षाच्या पूर्णवेळ अभ्यासक्रमाची फी अहमदाबादला 30 लाखांच्या वर, शिवाय वर्षभराचा पगार बुडणार. ज्याला क्षेत्रच बदलायचं आहे, त्याला तो खर्च परवडू शकतो, कारण तिथून नवी नोकरी मिळते. थोरल्याला क्षेत्र बदलायचं नव्हतं. चर्चगेटचे संध्याकाळचे वर्ग पाळीच्या नोकरीत जमणारे नव्हते, कर्जतहून लोकलनेच दोन तासांच्या आसपास लागतात. म्हणून त्याने शनिवार-रविवारचा अभ्यासक्रम निवडला. आज शिकलेलं सोमवारी कारखान्यात लावून पाहता येईल, हा त्याचा विचार होता.

मग त्याने निबंध नव्याने लिहिला. लिहिताना त्याला डबेवाल्यांची आठवण झाली. सह्याद्रीपलीकडच्या खेड, आंबेगाव, मावळ, जुन्नर या भागांतून ही माणसं मुंबईत आली. 2010 मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक स्टीफन थॉम्के यांनी त्यांच्या कामावर केस लिहिली आणि ती वर्गात शिकवली जाऊ लागली. थोरल्याला त्यात दिसलं ते साधं काम: डबा कोण उचलतो, खुणा कशा वाचतात, लोकलच्या वेळेत तो कसा पोचतो. व्यवस्थापनाच्या शाळा असंच शिकवतात. 1961 मध्ये अहमदाबादचं आयआयएम हार्वर्डच्या सहकार्याने उभं राहिलं, तेव्हापासून ही केसची पद्धत आपल्याकडे रुजली आहे. खऱ्या कारखान्याचा, खऱ्या दुकानाचा पेच समोर ठेवायचा आणि वर्गाने त्यावर बोलायचं. म्हणून अनुभवी विद्यार्थी हवा असतो. शेजारच्या बाकावर बसलेल्याने आपल्या कामातून काय पाहिलं, ते ऐकून बाकीचे शिकतात. ज्याला आपलं काम सांगता येत नाही, त्याची वर्षं वर्गाच्या उपयोगी पडत नाहीत.

थोरल्याने आवणीची गोष्ट लिहिली. कोण काय म्हणालं, त्याने काय मोजलं, कुणाला कसं पटवलं, काय बदललं. आणि पुढे, पहिल्या वर्षी कुणाचं नुकसान झालं, ते आपल्या लक्षात का आलं नाही आणि दुसऱ्या वर्षी काय केलं, हेही लिहिलं.

शिफारसपत्रासाठी तो प्लांटच्या साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, "अरे, मीच तर तुला दोन वर्षं नाही म्हणत होतो."

"म्हणूनच तुम्ही लिहा, सर. मी काय केलं ते तुम्ही पाहिलंय. आणि मजकूर मला दाखवू नका."

साहेबांनी स्वतः लिहिलं. थोरला कुठे कच्चा आहे तेही लिहिलं: आकड्यांच्या बैठकीत मागे राहतो, काम दुसऱ्यावर सोपवायला उशीर करतो. पत्र वाचणाऱ्यांना त्यातलं कौतुकही त्यामुळे खरं वाटलं.

मुलाखतीला तीन जण होते. एका प्राध्यापकांनी विचारलं, "तुमचा हा बदल पहिल्याच वर्षी यशस्वी झाला?"

थोरला म्हणाला, "कारखान्यासाठी झाला. वाडीसाठी नाही झाला."

मुलाखतीचा बहुतेक वेळ मग त्याच विषयावर गेला. ठेकेदाराने नाही म्हटलं असतं तर? रोजंदारीचा रकाना आता कुठल्या कागदावर आहे? हीच अडचण वीटभट्टीच्या दिवसांत येते का? थोरल्याला उत्तरं पाठ करावी लागली नव्हती. जिथे ठाऊक नव्हतं तिथे त्याने तसं सांगितलं. काही आठवड्यांनी प्रवेशाचं पत्र आलं.

आत्याच्या गटाचं कर्ज त्याआधीच मंजूर झालं होतं.

तात्पर्य: अनुभव म्हणजे नोकरीत काढलेली वर्षं नव्हेत. आपण घेतलेले निर्णय, त्यांचे परिणाम आणि त्या परिणामांकडे परत जाऊन पाहण्याची तयारी, हाच अनुभव.

वाचकहो, तिशी-चाळिशीत पुन्हा शिकायची इच्छा होणं ही फार चांगली गोष्ट आहे. वय झालं म्हणून मागे सरू नका. पण अर्ज भरण्याआधी आत्याच्या प्रश्नांपाशी थोडं थांबा. मिळालेल्या वर्षांचं काय केलं? आता नेमकं काय कमी पडतं? शिकून झाल्यावर ते कुणाच्या उपयोगी पडेल? अभ्यासक्रम या उत्तरांवरून निवडा, संस्थेच्या नावावरून नाही. शिफारस मोठ्या पदाच्या माणसाकडून घेऊ नका, ज्याने तुमचं काम जवळून पाहिलं आहे त्याच्याकडून घ्या. निबंध स्वतः लिहा. आणि चौथा प्रश्न चुकवू नका: माझ्या चांगल्या कामात तोटा कुणाचा झाला? त्याचं उत्तर सापडलं तर आधी ते काम दुरुस्त करा, मग अर्ज भरा. एक वर्ष उशीर झाला तरी चालेल.